पिशवीच्या बदल्यात पिशवी

स्वतःचं रक्त स्वतःलाच परत चढवून घेणं पाप आहे की नाही, हा नीतिशास्त्रातला अत्यंत गहन प्रश्न आहे. नागेश मडावीने तो कारंज्याच्या ढाब्यावर अर्ध्या चहात सोडवला.

सायकल शर्यतींच्या एका व्यावसायिक संघाची निवड चाचणी रविवारी होती. निवडला गेला तर पगार आणि परदेशातल्या शर्यती. नाही तर हायवेवर ट्रकांच्या मागे सायकल हाणत राहायचं, आणि वय सव्वीस.

महिन्यापूर्वी त्याने गावच्या शिबिरात रक्त दिलं, प्रमाणपत्र आणि केळं घेतलं. चुलत बहीण रक्षा वर्ध्यातल्या एका रक्तपेढीत कामाला. त्याची पिशवी वेगळी ठेवायचं तिने कबूल केलं होतं. अंगातली तूट आता भरून आली होती. वरून ते जुनं चढवलं की चढावर दम लागणार नव्हता. चढवणारा कंपाउंडरही ठरला होता.

शुक्रवारी तो पिशवी न्यायला गेला.

"सकाळीच दिली," रक्षा म्हणाली. "बाळंतपणात एका बाईचं लय रक्त गेलं. बी पॉझिटिव्ह दुसरी नव्हतीच."

"ताई, माह्यं होतं ते."

"मंग दान काऊन केलं? प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं ना तू."

"मी काय कोनाचं चोरून राह्यलो? माह्यंच रक्त, माह्याच अंगात."

"अन् जो पोरगा आपल्या एवढ्याशा रक्तावर सायकल चालवते, त्याच्या पुढे जाशीन, ते कोनाचं?"



दाराबाहेरच्या बाकावर बसलेला एक माणूस आत आला; पिशवीचं तेवढंच त्याच्या कानावर पडलं होतं. हा मुकेश, त्या बाईचा नवरा. पिशवीच्या बदल्यात पिशवी, हा पेढीचा रिवाज; म्हणून तो रक्त द्यायला थांबला होता. बाही आधीच वर केलेली.

"दादा, तुमची आमच्या कामी आली. आता माह्यी घेऊन जा. गट एकच आहे. तुमच्या घरचं कोन सीरियस आहे?"

रक्षाने रजिस्टरमध्ये डोकं घातलं.

नागेश त्याच्या उघड्या दंडाकडे बघत राहिला.

"कोनीच नाई," तो म्हणाला.

"मंग?"

"बाई कशी आहे, पाहाले आलतो."

मुकेशने त्याचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

रविवारी नागेश अकरावा आला. संघात तिघांना घेतलं. रक्त कोणाचंच तपासलं नाही.