बारक्याची खाकी चड्डी

आमच्या इस्त्रीच्या दुकानात बायको शर्ट करते आणि मी पँटी. ही वाटणी कोणी केली ते आता आठवत नाही. शर्टाला डोकं लागतं, असं तिचं म्हणणं. मी कधी वाद घातला नाही, कारण वाद घालायलाही उभंच राहावं लागतं, आणि उभं राहून राहून आम्हा दोघांचे पाय कामातून गेलेत.

मुलीला मुलगी झाली आणि तिचं नाव 'बारक्या' ठेवायचं निघालं. लाडाचं नव्हे, खरंखुरं, कागदोपत्री. यात नवल वाटावं असे दिवस आता राहिले नाहीत. मुलीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर पिंट्या आहे, तिला नुकतेच दात आले. तळमजल्यावर गोट्या आहे, ती रात्रभर रडते. बंटी तर दोन आहेत. फ्रॉक तेच, झालर तीच, नाव तेवढं गल्लीतल्या काचा फोडणाऱ्याचं. आमच्याकडे साड्या टाकणाऱ्या बालवर्गाच्या बाई परवा म्हणाल्या, "हजेरी घेताना वाटतं, पोलिसांनी पकडलेली टोळीच समोर बसलीय." मी हसलो. बायको हसली नाही. कॉलरवर पाणी शिंपडत राहिली.

मुलीनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आई, रविवारी सगळे जमले की नाव जाहीर करणार. पण तू हो म्हटलंस तरच. तुला नको असेल तर राहिलं."

"बघते," बायको म्हणाली.

तिचं 'बघते' मला ठाऊक आहे. घराला कोणता रंग द्यायचा ते ती मुलीच्या लग्नापासून बघतेय. पण या वेळी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका बाहीवर दोनदा इस्त्री फिरली, असं मी तिच्या हातून कधी पाहिलं नव्हतं.

त्यात अडचण अशी, की बारक्या नावाचा एक माणूस आमच्या घरात आधीपासून आहे. माझा मेहुणा. मुलीनं नाव त्याच्यावरूनच उचललं होतं. साठी उलटलेला, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, आणि अंगानं असा, की त्याचा शर्ट टेबलावर पसरला की माझ्या पँटींना बाहेर उभं राहावं लागतं. शनिवारी संध्याकाळी तो असाच एक शर्ट घेऊन दुकानात आला आणि आमच्या एकुलत्या एका स्टुलावर बसला.

"ताई, काय ऐकतोय मी हे?"

"शर्ट आणलास? ठेव तिथं."

"माझं नाव त्या पोरीला?"

"तुझं नाव चांगलं लांबलचक आहे की. दारावर पाटी आहे."

"ते ऑफिसचं. घरात मी बारक्या."

मी पँटीची शिवण जुळवत म्हणालो, "पण तुला ते कधी आवडलं? तुझ्या लग्नात मित्रांनी बारक्या म्हणून हाक मारली, तर ताटावरून उठला होतास."

"आवडत नाही म्हणून काय वाटून टाकायचं, भाऊजी? आणि तेही मुलीला? बाबांनी हौसेनं ठेवलेलं नाव आहे. इतक्या वर्षांनी मुलगा झाला, म्हणून. ताई, तू उद्या सरळ नको म्हणून सांग. तुझ्या एका शब्दाचं काम आहे. मुलीला बारक्या! बाबा असते तर..."

"असते तर काय?"

तिचा आवाज चढला नव्हता. पण तिनं इस्त्री उभी करून ठेवली. अर्ध्या शर्टावरून हात काढणं हे आमच्या दुकानात भूकंपात जमा.

"तुला ती खाकी चड्डी आठवते?" तिनं विचारलं.

मेहुण्याचा चेहरा खुलला. "पितळी बकलाची? अगं, माझी चड्डी ती! उजव्या खिशाला भोक होतं. नवी होती तेव्हापासून भोक."

"नवी नव्हती. माझी होती ती."

"तुझी कशी?"

"खिशात पाना ठेवायचे मी. त्यानं भोक पडलं."

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पँटीकडे पाहिलं. मलाही काही माहीत नव्हतं.

"थोरल्या अक्कानंतर मीही मुलगीच," ती सांगू लागली, वाण्याची यादी सांगावी तशी. "बाबा म्हणाले, आता हाच आपला बारक्या. माझे केस कापले, चड्डी शिवली आणि सायकलच्या दुकानात नेलं. पंक्चर मी काढायचे. ट्यूब पाण्यात धरली की बुडबुडा कुठून येतो ते बाबांच्या आधी मला दिसायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, बारक्या कुठंय, त्यालाच द्या. मग तू झालास. बाबा दुकान उघडं टाकून धावत घरी आले. तुला बघितलं आणि मला म्हणाले, आजपासून तू ताई. बारक्या हा."

"मग?"

"मग काय. चड्डी धुऊन पेटीत ठेवली, तू मोठा होशील तेव्हासाठी. मला फ्रॉक आला. त्याला खिसाच नव्हता. दुकानात परत गेले नाही मी."

आमच्या सायकलचं पंक्चर ती माझ्या हातातून काढून घ्यायची, तेव्हा मी समजायचो, हिचा माझ्यावर विश्वास नाही. तो नव्हताच, पण कारण मी चुकीचं धरलं होतं.

मग मेहुणा हळूच म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगून काय, परत देणार होतास?"

"मला तर पंक्चरही काढता येत नाही." त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. पण अधिकारी होता, फाइल अशी सोडणार नाही. "म्हणजे तुलाही ते नाव नकोच असणार. मग सांग ना तिला तसं."

बायकोनं पदराला हात पुसले आणि फोन लावला.

"हां, ऐक. बारक्याच ठेव." पलीकडून मुलगी आनंदानं किंचाळली, ते आम्हालाही ऐकू आलं. "थांब, ओरडू नकोस, माझी अट आहे. उद्या तिला भाऊ झाला, तर नाव तिच्याकडेच राहील. त्याला दुसरं शोधायचं."

"आई, असं कोण करतं? मुलीचं नाव काढून मुलाला?"

"कुणी नाही करत. तरी कबूल कर."

"बरं बाई, कबूल."

"आणि फ्रॉक शिवाल त्याला खिसा ठेवा."

फोन ठेवला. मेहुणा स्टुलावरून उठला, पुन्हा बसला. "मग उद्यापासून मला काय म्हणणार तुम्ही?"

"पाटीवरचं नाव आहे ना."

"ते निवृत्तीच्या दिवशी ऑफिसातच राहिलं गं. ते म्हणणारं कोणी नाही आता."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दोघं वापरा. ती लहान आहे, तिचं भागेल. पण विचारून वापर." तो मान हलवत गेला. शर्ट तिथंच राहिला, खोळीसारखा पसरलेला.

तिनं इस्त्रीला हात घातला. पाय सुजले होते, चप्पल काढून ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती. गठ्ठा अजून बराच होता. मी घसा खाकरला. या वयात धीर गोळा करायला वेळ लागतो.

"बारक्या," मी म्हणालो, "बस जरा. हा शर्ट मी करतो."

तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, संपलं आता. पण तिनं इस्त्री माझ्याकडे सरकवली आणि स्टुलावर जाऊन बसली. सांगितल्यावर बसलेली मी तिला आजवर पाहिली नव्हती.

"कॉलर आधी घे," ती म्हणाली.