दुसरी सुई

करिष्मानं फ्रिजच्या दारातली इन्सुलिनची बाटली काढली तेव्हा सव्वाआठ वाजले होते. दाढ ठणकत होती, पहाटे कुठे डोळा लागला होता. सासरे दाजी वाट बघत असतील म्हणून ती घाईनं उठली.

लग्न होऊन खारबावला आल्यापासून रोज सकाळची सुई तीच द्यायची. भिवंडीच्या दवाखान्यातल्या मैना सिस्टरनी शिकवलं होतं. सासू कमळ त्या वेळी सुई बघूनच बाहेर जाऊन उभी राहिली होती.

हात धुऊन करिष्मानं बाटली तळहातांत हलकेच घोळवली. खळाखळा हलवायची नाही, हे तिला पाठ होतं. औषध एकसारखं दुधाळ झालं. बाटलीचं तोंड पुसून तिनं सिरिंजमध्ये चोवीसच्या खुणेपर्यंत हवा ओढली, ती बाटलीत सोडली, बाटली उलटी करून तेवढंच औषध घेतलं. टिचकी मारून बुडबुडा घालवला.

"बाबा, आज डावीकडे."

ओटीवर बसलेल्या दाजींनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि बनियन वर केला. बेंबीपासून जरा लांब चिमटीत कातडी धरून तिनं सुई टोचली, औषध आत सोडलं, मनात दहा मोजले, काढली.

"भाकरी आणते."

"खाल्ली मी."

"सुईच्या आधीच?"

दाजी रस्त्याकडे बघत राहिले. करिष्मा आत आली, पण तिला चैन पडेना. सुई झाल्याशिवाय दाजींना कधी कोणी ताट देत नसे. तिनं सिरिंजचं पाकीट उघडलं. कालच फोडलेलं, दहाचं. कालची एक, आजची एक. आठ राहायला हव्यात. तिनं पुन्हा मोजल्या. सातच होत्या.

फाटकात कमळ मासळी घेऊन येत होती. करिष्मा धावतच गेली.

"आई, बाबांना सुई तुम्ही दिलीत?"

"दिली की! साडेसातला. तू झोपली व्हतीस, म्हटलं झोपू दे पोरीला. रोज बघून बघून शिकले मी." कमळचा चेहरा फुलला होता. मग सुनेकडे बघता बघता तो उतरला. "काय गं? तू बी दिलीस?"

करिष्मा स्वयंपाकघरात धावली. पेलाभर पाण्यात चार चमचे साखर ढवळून तिनं तो दाजींच्या हातात दिला. दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "शुद्धीवर आहेत ना? गोड देत राहा आणि लगेच आणा. एकटं सोडू नका."

"मला काय व्हतंय?" दाजी कुरकुरले. पण शेजारच्या चांगदेवची रिक्षा येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

रस्त्यात गोडाऊनच्या ट्रकांची रांग लागली होती. चांगदेव हॉर्न वाजवत फटीफटीतून रिक्षा काढत होता. दाजींचा हात थरथरत होता. करिष्मानं पर्समधली ग्लुकोजची पुडी त्यांना थोडी थोडी चाटवली.

"बाबा, बोलत राहा. काहीही बोला."

"काय बोलू?" त्यांची जीभ जड झाली होती. कमळ पलीकडून त्यांची पाठ चोळत होती आणि रडत होती.

दवाखान्यात बोटातून रक्त घेतलं. साखर चौपन्न. लगेच ग्लुकोजची सलाईन लावली. अर्ध्या तासात दाजींनी पाणी मागितलं आणि कमळ म्हणाली, "चला, आता घरी नेऊ."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "हे औषध दिवसभर काम करतं. आता वर आलेली साखर पुन्हा उतरेल. उद्या सकाळपर्यंत इथंच."

त्या दिवशी तासातासाला बोट टोचलं. दुपारी आकडा पुन्हा घसरला. करिष्मा कॉटपासून दारापर्यंत आणि दारापासून कॉटपर्यंत फेऱ्या घालत राहिली. दाजींचे डोळे मिटले की ती हाक मारायची. संध्याकाळी त्यांच्या तोंडावर रंग आला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं ना, आईंनी आधीच सुई दिलेली? मग बोलला का नाहीत?"

दाजींनी सलाईनच्या नळीकडे बघितलं. "मला वाटलं, डाक्टरनी वाढवली असंल. काय वाढवलं, काय कमी केलं, तुम्ही आपसातच बोलता. मला फक्त पोट उघडं करायला सांगता." मग हळूच म्हणाले, "विचारायला पाहिजे व्हतं मी. पण न्हाय विचारलं."

करिष्माला राग आला, आणि त्याच वेळी लाजही वाटली. गेल्या आठ महिन्यांत 'बाबा, आज डावीकडे' यापलीकडे तिनं त्यांना काही सांगितलं नव्हतं.

सकाळी सोडताना मैना सिस्टर म्हणाल्या, "देणारा माणूस एकच ठेवा. दिली की कॅलेंडरवर खूण करा. आणि दिली की नाही असा संशय असेल, तर दुसरी देऊ नका; आधी फोन करा."

"देणारा मीच," दाजी म्हणाले. "मला शिकवा."

चार दिवस शिकण्यात गेले. पहिल्यांदा बाटलीत हवा सोडायची राहिली, दुसऱ्यांदा बुडबुडा राहिला. करिष्मा प्रत्येक सिरिंज उजेडात धरून आकडा बघायची. पाचव्या सकाळी सगळं बरोबर जमलं. टोचताना त्यांनी ओठ घट्ट मिटले होते.

"दहा मोजले?" करिष्मानं विचारलं.

"मोजले."

"सावकाश मोजले ना? औषध बाहेर तर नाही आलं? बघू."

"अगं, मोजले म्हणतो ना!" दाजींनी बनियन खाली ओढला, उठून कॅलेंडरवर मोठी फुली मारली आणि आत बघून ओरडले, "कमळ, भाकरी आण. मी सुई घेतलीय."