पडण्याचं कारण

माझं तोंड जरा जास्तच चालतं, हे आमच्या वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात मागे दोन बायकांच्या टाक्यांत पू झाला, वरून तपासणी आली आणि वॉर्डाच्या स्वच्छतेची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. मग तर मला रानच मोकळं मिळालं. नातेवाइकांना दारातच हात धुवायला लावायचे, खाटेवर कुणाची पिशवी दिसली की खाली उतरवायची, आणि चपला बाहेर. चपलांवरून रोज कुणाची ना कुणाची खरडपट्टी ठरलेली. "बाहेरची घाण पायानं आत आणता, आणि टाके पिकले की आम्हाला विचारता!"

पेशंटचं वेगळं असतं. त्यांना आम्ही न घसरणाऱ्या रबरी सपाता देतो आणि त्या घातल्याशिवाय खाटेवरून पाय खाली ठेवायचा नाही, असं भरती होतानाच सांगतो. आनंदाबाईंनाही मी सांगितलं होतं. एकदाच. चपलांवरचा माझा आरडाओरडा मात्र त्या पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ ऐकत होत्या.

आनंदाबाई अल्लीपूरच्या. बहात्तर वर्षांच्या. घरची वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात नेऊन विकण्यात त्यांचा जन्म गेला होता. पित्ताशयाचे खडे काढले होते, टाके अगदी कोरडे होते, शनिवारी घरी जायचं होतं. वॉर्डात मला न घाबरणारी तेवढी एकच बाई.

"मोहिनी, लगन झालं का वं तुह्यं?" त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं.

"झालं ना आजी. नालवाडीला घर आहे."

"मंग तो बिचारा कसा राह्यते तुह्यासंग?"

"हात धुऊन राहतो," मी म्हटलं. टाक्यांवर हात दाबून त्या हसल्या होत्या.

गुरुवारी दुपारी सफाईवाल्या कोकिळानं औषधाच्या पाण्यानं फरशी पुसली आणि 'फरशी ओली आहे' अशी पिवळी पाटी मधोमध ठेवली. मी शेजारच्या खाटेवर एका बाईची जखम उघडून बसले होते. तेवढ्यात आनंदाबाईंनी हाक मारली. त्यांना लघवीला जायचं होतं.

"आजी, दोन मिनिटं थांबा. हे हातमोजे घालून तुमच्याजवळ यायचं नसतं. पट्टी बांधते, हात धुते आणि आलेच."

त्यांनी मान हलवली. मी पट्टी बांधत होते, तेव्हा आवाज आला. तो आवाज कोणत्याही नर्सला न बघता कळतो.

त्या संडासाच्या वाटेवर पडल्या होत्या. अनवाणी. सपाता खाटेपाशी एकीला एक जोडून नीट ठेवलेल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

पेशंट पडला की एक फॉर्म भरावा लागतो. त्यात रकाना असतो, पडण्याचं कारण. आमच्या इन्चार्ज उज्वला सिस्टर माझ्याशेजारी उभ्या होत्या. "सांगूनही सपाता घातल्या नाहीत, असं लिही. खोटं तर नाही ना?" त्या म्हणाल्या. खोटं नव्हतंच. मी तसं लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी हाडांच्या वॉर्डात गेले. खुब्याच्या ऑपरेशनची तयारी चालली होती. मी विचारलं, "आजी, सपाता का घातल्या नाहीत हो?"

"कोकिळानं आत्ताच पुसलं होतं नं," त्या म्हणाल्या. "मी तशीच सपाता घालून वरून गेली असती, तं तू तिच्यावरच ओरडली असती. पाच दिवसांपासून जंतू जंतू करून राह्यली तू. मले वाटलं, आपल्या पायानं कोनाले काऊन तरास?"

त्यांनी माझा हात धरला. "हे अंकुशले नोको सांगू. पोरगा तापट हाय मह्या. तुह्यी नोकरी घालवन तो."

माझा जीव भांड्यात पडला. सांगायला लाज वाटते, पण पडला. तो फॉर्म सोमवारपर्यंत उज्वला सिस्टरांच्या टेबलावरच होता. खाली खऱ्या कारणाच्या दोन ओळी लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं. मी नाही लिहिल्या.

ऑपरेशन झालं, पण आनंदाबाई काही उठल्या नाहीत. झोपून झोपून छाती भरली, न्यूमोनिया झाला, त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. दुसऱ्या वॉर्डाच्या नर्सला आत सोडत नव्हते, म्हणून मी रोज काचेतून बघून यायचे. पडल्यापासून अकराव्या दिवशी त्या गेल्या.

तेरवी आटोपल्यावर अंकुश कागद न्यायला आला. मला बघून त्यानं चक्क हात जोडले.

"सिस्टर, माफ करजा. आमच्या मायपायी तुमाले तरास झाला. पडली तवाच उज्वला सिस्टरनं सांगतलं होतं, आता कागदावर बी वाचलं मी. तुमी सांगून बी तिनं सपाता घातल्या नाई. घरी बी तशीच होती, कोनाचं आयकाची नाई."

मी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझं पाच दिवसांचं ओरडणं, नुकतीच पुसलेली फरशी, त्या काय म्हणाल्या ते, आणि मी फॉर्मवर काय लिहिलं नाही तेही. "अंकुशभाऊ, तुमच्या आईनं ऐकलं होतं. माझं ऐकलं म्हणूनच त्या पडल्या."

आता हा ओरडेल, तक्रार करेल, असं मला वाटलं. खरं तर त्यानं ओरडावं असंच वाटत होतं. त्यानं हातातल्या कागदांची घडी घातली आणि परत उलगडली.

"रोज भेटाले जात होतो नं मी," तो म्हणाला. "तुमाले आत येता येत नव्हतं, मले दहा मिनिटं सोडत होते. त्या दहा मिनिटांत रोज तिच्यावर चिडलो, सिस्टर. काऊन नाई आयकलं सिस्टरचं, काऊन नाई घातल्या सपाता, सगळ्या घराले घोर लावला तू. शेवटच्या दिवशी बी हेच बोललो."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काईच नाई. चुकलं रे बाप्पा मह्यं, म्हने."