बाटली कोणाची

नागपूरहून आलेला तपासणीचा कागद दवाखान्याच्या डॉक्टरांनी तीनदा वाचला, आणि तेथेच इंदूबाईच्या मनात संशय शिरला. तिचा पती उकंडा तीन महिने छातीत साठणाऱ्या पाण्याने कासावीस होता. त्याच्या फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा बाटलीत घालून नागपूरला धाडला होता; आता मात्र डॉक्टर त्याच्या जिभेखाली आणि गालात बोट फिरवीत होते.

"दुखणं छातीत, आन् पाह्यता तोंडात?"

"लाळेच्या ग्रंथींना होतो, तसा कर्करोग आहे हा, बाई. पण तोंड निर्मळ आहे. तो आवरणातच उगवला. क्वचितच असे घडते. यावर माझ्यापाशी औषध नाही."

धम्मदीक्षा घेतल्यापासून तीन वर्षांत इंदूबाईने गंडेदोरे सोडले होते. ऐकलेले पारखून घेण्याची सवय मात्र वाढली होती. उकंड्याचा तुकडा काढला त्याच सकाळी, त्याच खोलीत, दारव्ह्याकडील तांड्यावरच्या हरिसिंगाचा जबडा चिरला होता. लाळेचा रोग जबड्यातच असावयाचा! बाटल्या बदलल्या असाव्यात. तसे असेल, तर उकंड्याच्या छातीतले पाणी निव्वळ क्षयाचे. आणि क्षयावर आता सुया निघाल्या होत्या.

"बाटलीवरची चिठ्ठी मी स्वतः डकवली," तिने विचारताच कंपाउंडर सदाशिवराव म्हणाले. बोलताना त्यांनी नजर चुकवली, असे तिला वाटले.

दुसऱ्या दिवशी ती तांड्यावर गेली. वाटभर तिने हरिसिंगाला मनोमन अंथरुणाला खिळवले, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

हरिसिंग अंगणात बैलाच्या शिंगांना तेल चोळीत होता. जबड्याखाली बोटभर व्रण.

"रामराम! दवाखान्यातल्या बाई ना तुमी?"

"जयभीम. तब्येत कशी हाय, भाऊ?"

"हंसा म्हणते, पयलेपेक्षा जास्त बडबड करून राह्यलो!"

"खोटं हाय का?" त्याची बायको हंसाबाई दारातून म्हणाली. "बस, बाई."

"तुमचा कागद आला का नागपूरहून?"

"कायचा कागद?" हरिसिंगाने बंडीच्या खिशातून डबी काढली. आत तुरीच्या दाण्याएवढा पिवळा खडा होता. "लाळेच्या नळीत हाच अडकला होता. डॉक्टरनं काढून हातात देला. नागपूरले कायले पाठवतीन?"

इंदूबाईने खडा तळहातावर घेतला. त्या दिवशी बाटली एकच गेली होती.

"येवढ्या दूर काहून आलती, बाई?" हंसाबाईने विचारले.

"तुमचे मालक आजारी हायेत का, ते पाहाले. माह्या मालकाचा रोग त्यायचा निंघावा म्हून." खोटे बोलण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते.

हंसाबाईचे हसू मावळले. तिने इंदूबाईच्या तळहातावरचा खडा उचलला आणि डबीचे झाकण घट्ट लावले.