हात मोकळे

पडद्यावर स्टिअरिंगचं निळं चित्र आलं. निळं दिसलं की हात सोडायचे, असं मीकाने शिकवलं होतं.

गर्शोनने सोडले. मांडीवर ठेवले. संधिवाताची बोटं तशीच वाकलेली राहिली, अजून स्टिअरिंग धरल्यासारखी.

एजवेअर मागे पडलं. मुलगी मीका बेसिंगस्टोकला, तिच्या घराजवळच बायकोची, हॅनाची, स्पीच थेरपी, दर गुरुवारी. या बोटांनी एवढं अंतर आता जमत नव्हतं, म्हणून मीकाने ही गाडी घ्यायला लावली. कालच फोनवर म्हणाली, "पप्पा, ही गाडी सगळं करते. तुम्ही फक्त रस्ता बघायचा. पण ती सारखी ओरडली ना, तर मम्मी माझ्याकडेच राहणार. आय मीन इट. आणि खोटं नाही बोलायचं."

हॅना शेजारी. स्ट्रोकमध्ये तिचे शब्द गेले. आता सगळं बोलणं भुवयांत आणि ओठांत, आणि ते ऐकायचं तर तिच्याकडे बघावं लागतं. म्हणून त्याने बघितलं. ती खिडकीकडे तोंड करून काहीतरी

टिंग.

रस्त्याकडे लक्ष द्या. स्टिअरिंगमागचा कॅमेरा डोळ्यांवर नजर ठेवून होता. हात मोकळे. डोळे नाहीत.

पुढे लॉरी. लॉरीपुढे लॉरी. एम-ट्वेंटीफाइव्ह मोटरवेवर बघण्यासारखं असतं तरी काय? हातातला शीण डोळ्यांत येऊन बसला होता. हॅनाला थंडी वाजत असेल का? तिची शाल

टिंग. टिंग.

आणि ब्रेकचा हिसका. त्याने दचकून स्टिअरिंग धरलं, बोटं ठणकली.

"अगं, ही गाडी आहे की तुझी आई?"

बाजूने नाकातून आवाज आला. हसली की चिडली? बघितल्याशिवाय कसं

चिमटा.

मनगटावर, नखांसकट. लग्नापासून ती शेजारी बसून एकच वाक्य म्हणत आली होती, आणि ऐकलं नाही की हा चिमटा. वाक्य गेलं. चिमटा राहिला.

निळं चित्र परत आलं. या वेळी डावा हात त्याने तिच्या मांडीवर ठेवला. तिने मनगट पकडलं.

एम-थ्री मोटरवे लागला. मान वळायला लागली की चिमटा. टिंगच्या आधी, दर वेळी.

"थंडी वाजते?"

तिने मनगटावर हळूच थोपटलं. म्हणजे हो? की नाही? त्याने न बघताच हीटर वाढवला. थोपटणं थांबलं नाही. कमी केला. थांबलं.

तो थकला होता. रस्ता संपत नव्हता. पण गाडी गप्प होती.

मीका दारातच उभी. "ओरडली?"

"सुरुवातीला. नंतर नाही."

"खरं?"

"विचार मम्मीला."

"पप्पा, नॉट फनी." मग आवाज खाली आणून, "काही बोलली का ती?"

गर्शोनने बाही वर केली. मनगट लालभडक.

"सारखी. 'अहो, पुढे बघा.'"

हॅनाची एक भुवई वर गेली. गर्शोन तिच्याकडे बघत राहिला. टिंग झालं नाही.

"मग नेक्स्ट गुरुवारी पण तुम्हीच आणणार?" मीकाने विचारलं.

"आधी चहा दे, बाई. अजून परत जायचंय."