दोन फेब्रुवारीचा फलक

पिंप्राळ्याच्या त्या शाळेत फ्रेंच शिकवतात हे जळगावात कुणाला खरं वाटत नसे. पण पाण्याच्या टाकीशेजारी एक काळा फलक होता, आणि त्यावर दर सोमवारी वर ‘फ्रेंच वर्गाच्या बातम्या’ आणि खाली ‘पुढचे कार्यक्रम’ असं खडूने लिहिलेलं असे. बोर्दोच्या शाळेतून मुलींना पत्र आलं. आठवीने फ्रेंच गाणं बसवलं. शनिवारी तोंडी परीक्षा, रडारड चालणार नाही. हे शेवटचं वाक्य सुनंदाबाईंचं असे, ते वेगळं सांगायला नको.

सुनंदाबाई अकरा वर्षं हा वर्ग एकटीने ओढत होत्या. मुली उरल्या होत्या नऊ. दरवर्षी कुणीतरी म्हणे, बंद करा हे थेर, आणि दरवर्षी बाई पुढच्या वर्षाचे कार्यक्रम फलकावर लिहून मोकळ्या होत. जणू तो वर्ग त्यांना कुणी इनामात दिला होता.

फलक मुली पाळीपाळीने लिहीत. नियम एकच, खाली कुणी आपलं नाव घालायचं नाही. चूक झाली तर ती सगळ्यांची, म्हणजे अर्थातच बाईंची. नियम बाईंनीच केला होता आणि त्याचा त्यांना मनातून जरा अभिमानही होता.

सत्याऐंशीच्या जानेवारीत पाळी राजकुंवरची आली. नववीतली, ओस्तवालांच्या जैन घरातली. तिचे आजोबा मांगीलाल शेठ शाळेचे विश्वस्त. टाकीवर त्यांचंच नाव कोरलेलं. राजकुंवरने पुस्तकातून सगळं उतरवून काढलं. दोन फेब्रुवारीला फ्रान्समध्ये क्रेप नावाची पातळ धिरडी करतात, आपणही शाळेत करू. साहित्य: मैदा, दूध, लोणी, साखर, चार अंडी.

तिच्या घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. तो तिला पुस्तकातला एक शब्द होता, एवढंच. बाईंनी फलक तपासला, अक्षर छान आलंय म्हणाल्या आणि पुढे गेल्या. बाईंच्या डोळ्यांत माती गेली होती की काय कोण जाणे.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. मांगीलाल शेठ पाणी प्यायला टाकीशी गेले आणि पेला तसाच हातात धरून उभे राहिले.

“मास्तर, शाळेत अंडी?” ते हेडसरांना म्हणाले. “माझ्या टाकीशेजारी?”

हेडसर हिलाल पाटलांनी हात जोडले. हा माणूस एरवी वाईट नव्हता, पण शेठजींसमोर त्याच्या पाठीचा कणा कुठे जाई ते देवच जाणे. तिथल्या तिथे ठरलं. फलक पुसायचा, कार्यक्रम रद्द, आणि जूनपासून फ्रेंचच्या खोलीत टायपिंगचा वर्ग.

दुपारी हेडसरांनी बाईंना ऑफिसात बोलावलं.

“एक वाट आहे बाई,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “कुठल्या पोरीने लिहिलं तिचं नाव द्या. तिच्या वडिलांकडून माफीपत्र घेऊ. शेठजी निवळतील, तुमचा वर्गही वाचेल.”

बाईंना हसूच आलं. या माणसाला पत्ता नव्हता की ते माफीपत्र शेठजींच्या मुलालाच लिहावं लागेल. नातीचं अक्षर शेठजींनीही कधी धड पाहिलं नव्हतं. पण हसू लगेच विरलं. राजकुंवरच्या मोठ्या बहिणीची शाळा सातवीतच सुटली होती, तीही कसल्याशा क्षुल्लक कारणावरून. आता हिचं नाव बाहेर आलं तर उद्यापासून बाकावर तिची जागा रिकामी राहील.

“फलक माझा आहे,” बाई म्हणाल्या. “चूक माझी. नाव मिळणार नाही.”

“मग वर्ग जाईल.”

“बघू कसा जातो ते.”

संध्याकाळी फलक पुसला गेला. सकाळी बाईंनी पुन्हा लिहिलं: कार्यक्रम ठरल्याप्रमाणे होईल, अंडी नाहीत. दुपारी शिपायाने पुसलं. मधल्या सुट्टीनंतर बाईंनी पुन्हा लिहिलं. चार दिवस हेच चाललं. शेवटी शिपाईच म्हणाला, बाई, खडू तरी जपून वापरा.

पण बाईंनी घरी करून पाहिली, तर अंड्यांवाचून धिरडी तव्यावर फाटायला लागली. वर्गातल्या एका मुलीची आई धुरपदाबाई, केळीच्या बागेत कामाला जाणारी, हे ऐकून शाळेच्या फाटकाशी आली.

“मांडाले अंडं लागस का बाई?” ती म्हणाली. “मी मनं खापर लई येसू. बठ्ठ्या पोरीस्ले खावाडसू.”

ती आपलं खापर आणून सगळ्या मुलींना पुरणाचे मांडे खाऊ घालायला निघाली होती. बाईंनी तिला फ्रान्सचं धिरडं समजावून सांगितलं, आत पुरण नसतं म्हणून सांगितलं.

“पुरण नही?” धुरपदाबाईने कपाळाला हात लावला. “मंग त्यामा राहिनं काय?”

दोन फेब्रुवारीला शाळेमागच्या पटांगणात तीन दगडांची चूल पेटली. त्यावर धुरपदाबाईने मातीचं खापर पालथं घातलं. पिठाचा गोळा तळहातांवरून कोपरापर्यंत झेलत झेलत तिने पारदर्शक केला आणि अलगद खापरावर टाकला. नऊ मुली भोवती उभ्या राहून फ्रेंचमध्ये मोजत होत्या. सुनंदाबाईंचे डोळे भरून आले. धुरामुळे, असं त्यांनी शेजारच्या मुलीला सांगितलं.

तेवढ्यात शेठजी आले. मागे हेडसर, हातात डस्टर.

“बंद करायला सांगितलं होतं ना?” शेठजी गरजले. “ते लिहिणारी कोण, ते आज मला कळलंच पाहिजे.”

“मी,” बाई म्हणाल्या. “माझ्या वर्गाचं सगळं मीच...”

“बाई खोटं बोलतात, दादासा.”

राजकुंवर होती, आजोबांसमोर उभी. ओढणी खोचलेली, हाताला पीठ. “अंडी मी लिहिली. पुस्तकात होती म्हणून लिहिली. खाल्ली नाहीत, आणली नाहीत, फक्त लिहिली.”

आणि ती तरातरा टाकीपाशी गेली. सगळे तिच्या मागे. तिने ‘पुढचे कार्यक्रम’च्या खाली लिहिलं: जून, फ्रेंचचा वर्ग नेहमीच्या खोलीत भरेल. त्याखाली, अकरा वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. पूर्ण नाव घातलं. राजकुंवर हीरालाल ओस्तवाल.

“पुसा मास्तर,” शेठजी म्हणाले.

हेडसर पुढे झाले, नाव वाचलं आणि दोन पावलं मागे आले. त्यांनी डस्टर शेठजींपुढे धरलं. शेठजींनी ते हिसकावलं. पहिल्याच फटक्यात ‘जून’ गेला. हात खाली आला, ओस्तवाल या शब्दापाशी आला आणि तिथे थांबला. वर टाकीवर तोच शब्द दगडात होता. नात बाजूला उभी होती आणि नजर खाली घालत नव्हती.

बाई तिच्याकडे पाहत होत्या. आपण हिला इतके दिवस लपवलं. तिला वाचवण्यासाठी लपवलं हे खरं, पण नाव न घालायचा तो नियम मुलींसाठी होता की आपल्या भीतीसाठी? त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त त्या भीतीचा संताप आला.

शेठजींनी डस्टर टाकीच्या कठड्यावर ठेवलं. “टायपिंगला दुसरी खोली बघा,” कुणाकडेही न पाहता ते म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले. राजकुंवरने तेव्हा कुठे हातातला खडू खाली ठेवला.

सुनंदाबाईंनी खडू उचलला. पुसलेला ‘जून’ त्यांनी पुन्हा ठसठशीत लिहिला, आणि राजकुंवरच्या नावाखाली, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आपलं पूर्ण नाव घातलं.