भुऱ्याचा गुरुवार

“लाल तिखटात जरा तेल घाल, कले, आन् चारी पायांना चोळ. पुन्हा जन्मात तोंड लावायचा न्हाई.”

शेजारच्या दगडाबाईंचा हा सल्ला अजून माझ्या कानात आहे. मित्रांनो, ते चार पाय माझे. मी नगरकडच्या बेलापूरच्या एका अंगणातली जुनी बाज आहे. बाभळीचे लाकूड आणि सुंभाची वीण, एवढीच माझी दौलत. माझी हकीगत सांगायला घेतली आहे खरी, पण मान वर करून सांगवत नाही.

रंगनाथ सुतारांनी मला घडवले तेव्हा कलाबाई या घरात नवी नवरी होती. माझ्यावरच ती बाळंतपणात शेकली. तिची लेक सविता माझा दांडा धरून उभी राहायला शिकली. एकदा सविताने त्याच दांड्याला इवला दात लावला आणि लाकडावर ओरखडा उठला, तर साऱ्या घराला केवढे कौतुक झाले! कलाबाईने आल्यागेल्याला तो ओरखडा दाखवला. मीही तो दागिन्यासारखा मिरवला. उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळल्या, पाहुणे टेकले, म्हातारी माणसे निजली. पुढे स्लॅबची खोली झाली, लोखंडी पलंग आले आणि मी अंगणात लिंबाखाली आले. माझी वीण सैल पडली. ती आवळायला कुणाला सवड झाली नाही. त्याचे मला वाईट वाटले, पण तक्रार कुणाकडे करणार?

मग भुऱ्या आला. सविताची मुलगी स्नेहल नगरला कॉलेजात शिकते. दिवाळीत आजोळी आली असताना तिने ते कुत्र्याचे पिल्लू कालव्याच्या कडेवरून ओढणीत गुंडाळून आणले. जाताना तिने आजीचा हात धरून सांगितले, “आजी, परीक्षा देऊन मी येईपर्यंत त्याला कुठं देऊ नको हं.” कलाबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

थंडी सरत आली तसे पिल्लाने अंगणात काही म्हणता काही शिल्लक ठेवले नाही. कलाबाईचे मालक रंभाजी यांच्या चपला गेल्या, खुरप्याची मूठ गेली, खराटा विसकटला, ठिबकच्या नळीला भोके पडली. शेवटी स्वारी माझ्या पायांशी आली. कलाबाई ओरडली, पाठीत खराटा घातला, मग त्याला माझ्याच पायाला बांधून ठेवले. बांधल्यावर दुसरे काय हाताशी असणार? तो मलाच कुरतडत बसला. आणि मी मनातल्या मनात त्याला चोर म्हणत राहिले.

कलाबाई नेमाची बाई. दत्ताचा गुरुवार तिने कधी मोडला नाही. त्या दिवशी नवरा-बायको दोघांचा उपास. सकाळी वाटीभर भगर तेवढी शिजते, आणि संध्याकाळची आरती होईपर्यंत चुलीवर तवा चढत नाही. भुऱ्याच्या पुढ्यातही भगरच पडायची. तो हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. “आमचा भुऱ्यासुदिक गुरुवार धरतो बरं,” असे कलाबाई बायकांना सांगायची, आणि बायका हसून त्याला पुण्यवान म्हणायच्या. मलाही ते ऐकून बरे वाटायचे. गुरुवारीच तो जास्त चावतो, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आले नाही.

असाच एक गुरुवार. आदल्या दिवशी भुऱ्याने दोरीवरचे नवे पातळ ओढून फाडले होते. कलाबाईचा राग अनावर झाला. दगडाबाईंचा पुतण्या कल्याण संध्याकाळी टेम्पो घेऊन जामखेडला निघणार होता. पिल्लाला वाटेत एखाद्या ढाब्यापाशी सोडून दे, असा निरोप तिने त्याला धाडला. आणि तोवर आणखी नासधूस नको, म्हणून सकाळीच माझ्या पायांना तिखट चोळले. ती दत्ताच्या तसबिरीपुढे पोथी वाचायला बसली आणि इकडे भुऱ्याने माझा पाय तोंडात धरला.

मित्रांनो, त्याचे ते ओरडणे मी कधी विसरणार नाही. तोंड मातीत घासत तो गोल गोल फिरला. दोरीचा फास बसून माझ्याच पायाशी अडकला. मला वाकता येत नाही की दोरी सोडवता येत नाही. मी नुसती उभी होते, अंगाला तिखट माखलेली.

कलाबाई पोथी सोडून धावत आली. दोरी सोडून तिने त्याला मांडीवर घेतले, ताकाने तोंड धुतले आणि बोटाने ओठ वर केला. आतल्या हिरड्या लाल, सुजलेल्या. एक दुधाचा दात लोंबत होता आणि खालून नवा वर आला होता. तिचा हात तिथेच थांबला.

रंभाजी मागे उभे होते. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तसाच तेव्हाही चढला नाही.

“दात येत्यात त्याला. त्यात सकाळधरनं पोटात काय न्हाई. उपास तू बोललीस, कले. त्यानं देवाला कुठं काय कबूल केलंय?”

कलाबाईने मान वळवली. उघड्या दारातून आतली तसबीर दिसत होती. दत्ताच्या पायाशी चार श्वान, आणि चौघांच्याही कपाळावर तिने सकाळीच लावलेले हळद-कुंकू. तिने पदर तोंडाला लावला आणि पुन्हा काही तिकडे पाहिले नाही. भर दुपारी, गुरुवारी, तिने चूल पेटवली. भाकरी दुधात कुस्करून बोटाने त्याला भरवली. मग ओल्या फडक्याने माझे पाय पुन्हा पुन्हा पुसले. सविताच्या ओरखड्यावरून हात गेला तेव्हा ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. एका दाताचे आम्ही कौतुक केले होते आणि दुसऱ्या दाताला तिखट लावले होते. तिची मान खाली होती. माझीही.

संध्याकाळी टेम्पो दारात आला. दगडाबाईही सोबत आल्या. चुलीचा धूर त्यांनी दुपारीच पाहिला होता. “कुत्र्यापायी गुरुवार मोडलास व्हय गं?” त्यांनी टोमणा मारला. कल्याण म्हणाला, “काकू, द्या लवकर, मला उशीर व्हतोय.”

सांगायला काही सबब सापडली असती. कलाबाईने ती शोधली नाही.

“न्हाई द्यायचा,” ती खालमानेने म्हणाली. “त्याची चूक न्हाई. पोरीला शबूद दिलता, आन् त्याला उपाशी ठेवून वर मीच तिखट चारलं.”

कल्याण टेम्पोत बसला. दगडाबाई उंबऱ्याशी घुटमळल्या आणि गेल्या.

मित्रांनो, भुऱ्या अजून चावतोच. एका दिवसात दात येत नाहीत. पण चपला आता खुंटीवर असतात, नळी मातीखाली पुरली आहे. जुन्या लुगड्याची गाठ मारून ती गार पाण्यात भिजवून त्याच्यापुढे टाकतात, कधी गाजर देतात. सकाळ-संध्याकाळ तो कालव्यापर्यंत धावून येतो आणि मग दमून माझ्या सावलीत निजतो. माझा पाय कुणी चावला म्हणून मी झिजून जाणार नाही. तुमच्या अंगणात असे पिल्लू असेल तर एवढे करा, हातात खराटा घेण्याआधी त्याचे तोंड उघडून पाहा आणि पोट चाचपून पाहा. तुमचे नेमधर्म तुम्ही जरूर पाळा, पण मुक्या जीवाच्या गळ्यात ते घालू नका.

आज पुन्हा गुरुवार आहे. नुकते उजाडले आहे. देवापुढे अजून दिवा लागलेला नाही. कलाबाई ताटलीत गरम भाकरी घेऊन बाहेर आली. भुऱ्याने ती संपवेपर्यंत शेजारी बसून राहिली. मग स्वतः पाण्याचा घोटही न घेता तिने दोरी हातात घेतली, फाटक हळूच लोटले, आणि दोघे कालव्याच्या वाटेला लागले.